रिमोट चालेनासा झाला म्हणजे

एकत्र कुटुंबांत टीव्हीचा रिमोट हरवतो, पडतो, चहांत भिजतो, प्रसंगीं रांगत्या मुलाच्या तोंडांतहि जातो. या सर्व आपत्तींतून वांचलेला रिमोट एखाद्या दिवशीं कांहीं कारण न दाखवितां मुका होतो, तेव्हां घरांत जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते. कोणी तो तळहातावर आपटतो, कोणी सेल काढून तेच सेल पुन्हां घालतो, कोणी बटण अधिक जोरानें दाबतो, जणूं काय यंत्रास कमी ऐकूं येत आहे! शेवटीं ‘रिमोट गेला’ असा एकमतानें निकाल लागतो आणि नव्या रिमोटची मागणी नोंदविली जाते. या निकालाविरुद्ध अपील करण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

कोणत्या रिमोटविषयीं बोलावयाचें तें प्रथम ठरवूं. टीव्हीबरोबर मिळालेल्या मूळच्या रिमोटची गोष्ट निराळी. आपला विषय टीव्हीच्या पाठीमागें खोंचलेल्या बोटभर ‘स्टिक’चा, अथवा तिच्याच जातीच्या लहान पेटीचा रिमोट हा आहे. ही स्टिक इंटरनेटवरून चित्रपट, मालिका, कीर्तनें व क्रिकेटचे सामने आणून टीव्हीच्या पडद्यावर दाखविते. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतांत २०१७ सालीं आली. गूगल, शाओमी इत्यादि कंपन्यांचींहि अशींच उपकरणें आलीं, आणि इंटरनेट पुरविणाऱ्या मंडळींनींहि आपापल्या पेट्या देण्यास आरंभ केला. जुन्या टीव्हीच्या अंगावर चार बटणें तरी असत. रिमोट सांपडला नाहीं तर आजोबा स्वतः उठून वाहिनी बदलीत. स्टिकच्या अंगावर कार्यक्रम निवडण्याजोगें एकहि बटण नसतें, आणि ती टीव्हीच्या पाठीशीं अशी दडलेली असते कीं बटण असतें तरी तेथवर हात पोहोंचला नसता. घराला एकच दार आणि त्या दाराला एकच किल्ली, अशी ही रचना आहे.

तरुण मंडळींचें यामुळें फारसें अडत नाहीं, कारण त्यांच्या हातांत मोबाईल असतो. अडतें तें दुपारच्या वेळीं घरांत एकट्या असणाऱ्या वडील माणसांचें. आजींचें दुपारचें कीर्तन चुकतें. ‘मुलें संध्याकाळीं आल्यावर बघतील’ असें म्हणून त्या पडून राहतात. संध्याकाळीं दमून आलेला नातू ‘आजी, तूं कांहीं तरी भलतें बटण दाबलें असशील’ असें सहज बोलून जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून आजी रिमोटला हात लावावयास भितात. रिमोटच्या बिघाडांत वस्तूच्या किंमतीहून अधिक असें जें कांहीं बिघडतें तें हें होय. म्हणून दोष कोठें आहे हें शोधण्याची रीत घरांतील एकालाच येऊन भागत नाहीं. ती वडील माणसांनाहि यावयास हवी, आणि ती त्यांना येण्याजोगी आहे.

रिमोटच्या मुकेपणाची धास्ती मात्र यंत्राइतकीच जुनी आहे. अमेरिकेंतील शिकागोच्या झेनिथ कंपनीनें १९५० सालीं ‘लेझी बोन्स’, म्हणजे आळशी माणूस, या नांवाचा रिमोट काढला. तो लांब वायरीनें टीव्हीस जोडलेला असे आणि घरचीं माणसें त्या वायरींत पाय अडकून ठेंचकाळत. १९५५ सालीं त्याच कंपनींतील यूजीन पॉली यांनीं विजेरीसारख्या प्रकाशझोतानें चालणारा ‘फ्लॅश-मॅटिक’ रिमोट केला. त्याच्यासाठीं टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे बसविलेले होते. पण उन्हाची तिरीप त्यांवर पडली कीं टीव्ही आपल्याच मर्जीनें वागूं लागे. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९५६ सालीं, व्हिएन्ना येथें जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲडलर यांचा ‘स्पेस कमांड’ बाजारांत आला. त्यांत सेल मुळींच नव्हते. बटण दाबलें कीं आंतली इवलीशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे, माणसाच्या कानास न ऐकूं येणारा एक उंच स्वर निघे, आणि टीव्ही तो ओळखी. सेल कां नकोत, याचें कारण मोठें मार्मिक आहे. कंपनीच्या विक्रेत्यांना भीति होती कीं सेल संपले म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावयाचें, टीव्हीच बिघडला! त्यांनीं माणसाचा स्वभाव बरोबर ओळखला होता.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. स्टिकचा रिमोट वरून एकच वस्तु दिसत असला तरी पुष्कळदां तो दोन भाषा बोलत असतो. टीव्ही चालू-बंद करणें आणि आवाज कमीजास्त करणें हें काम तो प्रकाशाच्या भाषेंत करतो. त्याच्या टोकाशीं एक बारीक दिवा असतो. त्या दिव्यांतून निघणारा प्रकाश अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा असतो. त्याची तरंगलांबी सुमारें ९४० नॅनोमीटर, आणि आपल्या डोळ्यांची धांव साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणून तो आपणांस दिसत नाहीं. हा प्रकाश भिंतींतून जात नाहीं, उशींतून जात नाहीं, टीव्हीपुढें ठेवलेल्या फुलदाणींतूनहि जात नाहीं. याउलट, पडद्यावरील चौकट डावीउजवीकडे नेणें, चित्रपट निवडणें, मागें येणें हीं सर्व कामें तो स्टिकशीं रेडियोलहरींच्या भाषेंत करतो. तिला ब्लूटूथ म्हणतात. स्टिक टीव्हीच्या मागें दडलेली असल्यामुळें तिला प्रकाश दिसणार कसा? म्हणून ही दुसरी भाषा. या लहरी पांघरुणांतूनहि पोहोंचतात. मात्र त्यांना एक अट आहे. रिमोट आणि स्टिक यांची आधीं ओळख करून द्यावी लागते, आणि ती ओळख कधीं कधीं मोडते.

सर्वच रिमोट असे द्विभाषी नसतात, हेंहि लक्षांत ठेवावें. कांहीं जुन्या व स्वस्त रिमोटांवर टीव्हीचीं बटणेंच नसतात. ते फक्त स्टिकशीं बोलतात. कांहीं पेट्यांचे रिमोट केवळ प्रकाशानेंच चालतात, आणि तेथें पेटी समोर दिसेल अशी ठेवण्यावांचून गत्यंतर नाहीं. आपल्या घरचा रिमोट यांपैकीं कोणत्या जातीचा आहे हें तो चालू असतांनाच पाहून ठेवावें: पांघरुणाखालीं धरून आवाज वाढवून पाहावा आणि चौकट हलवून पाहावी. पांच मिनिटांत उलगडा होतो.

एवढें कळलें म्हणजे निदान पुष्कळ सोपें होतें. वैद्य जसा नाडी पाहतो तसे दोन प्रश्न विचारावे: टीव्ही ऐकतो काय, आणि स्टिक ऐकते काय? टीव्ही बंद-चालू होत असेल, आवाज वाढत असेल, पण पडद्यावरील चौकट जागची हलत नसेल, तर सेलांत जीव आहे असें बहुधा समजावें. ओळख मोडली आहे किंवा स्टिक स्वतःच गुंगली आहे. हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो, आणि नेमक्या याच प्रसंगीं चांगले रिमोट टाकून दिले जातात. उलट, चौकट हलते पण आवाज वाढत नाहीं, असें असेल तर टीव्हीच्या डोळ्यापुढें कांहीं तरी आडवें आलें आहे, अथवा घरांत नवा टीव्ही आला आहे आणि रिमोटला त्याची भाषा अजून शिकविलेली नाहीं. ती स्टिकच्या सेटिंगांत जाऊन, टीव्हीच्या कंपनीचें नांव निवडून शिकवितां येते. दोघेहि ऐकत नसतील तर सेल. एकच बटण चालत नसेल तर त्या बटणाखालचें रबर. आणि कोणी न दाबतां पडद्यावरील चित्रें आपोआप धांवूं लागलीं तर बटण आंत रुतलें आहे. पण त्यापूर्वीं घरांत दुसरा रिमोट असल्यास त्यावर काकासाहेब बसलेले नाहींत ना, हें पाहून घ्यावें!

प्रकाशाची भाषा चालू आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक युक्ति मुलांना फार आवडते. मोबाईलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचें टोक त्यापुढें धरावें आणि आवाजाचें बटण दाबावें. डोळ्यांना न दिसणारा तो दिवा मोबाईलच्या पडद्यावर फिकट जांभळा लुकलुकतांना दिसतो. कांहीं मोबाईलांच्या मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त प्रकाश अडविणारी कांच असते. अशा वेळीं आपला चेहरा टिपणारा पुढचा कॅमेरा वापरावा.

सेलांविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण येथें घरोघरचे समज फार घट्ट आहेत. बारीक पेन्सिल सेल नवा असतांना दीड व्होल्टचा असतो. पुन्हां पुन्हां चार्ज करण्याजोगा निकेलचा सेल सव्वा व्होल्टच्याहि किंचित् खालीं, १.२ व्होल्टचा. बोलून आज्ञा देण्याची सोय ज्या रिमोटांत आहे ते सेल अधिक लवकर खातात. एक जुना व एक नवा सेल एकत्र घालण्याची काटकसर उपयोगाची नाहीं. नव्याचें बळ जुना ओढून घेतो आणि जुना पाझरूं लागतो. आपल्या घरांतून रिमोटमधले थकलेले सेल भिंतीवरच्या घड्याळांत घालण्याची चाल आहे, आणि त्या चालींत शास्त्र आहे: घड्याळाला वीज अगदीं थोडी पुरते, म्हणून रिमोटनें टाकलेला सेल तेथें आणखी कित्येक महिने काम देतो. परंतु अडचणीच्या वेळीं घड्याळांतला सेल काढून रिमोटमध्यें घालणें आणि ‘सेल बदलूनहि चालत नाहीं’ असें म्हणणें, हें मात्र घड्याळावर व रिमोटवर दोघांवरहि अन्याय करणारें आहे. परीक्षा घ्यावयाची तर दुकानांतून आणलेले, एकाच वेष्टनांतले दोन नवे सेल घालूनच घ्यावी.

सेलाच्या खणांत पांढरी भुकटी दिसली तर सेल पाझरला आहे असें समजावें. अल्कलाईन सेलांतून निघणारा हा क्षार असतो. सेल काढून, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन तो पुसावा, मग कोरड्या फडक्यानें स्वच्छ करावें आणि खण पुरता वाळूं द्यावा. हातास लागल्यास धुवावें. डोळ्यांकडे हात नेऊं नये.

मोडलेली ओळख जुळविण्याचें काम अवघड नाहीं. त्याला फक्त सबूरी लागते. पहिली पायरी सर्वांना सारखीच आहे: स्टिकला वीज देणारी वायर काढावी आणि पुरें एक मिनिट थांबावें. टीव्ही नुसता बंद केल्यानें स्टिक बंद होत नाहीं, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. मिनिटानें वायर पुन्हां जोडावी, पडद्यावर नेहमींचें चित्र पूर्णपणें येऊं द्यावें, आणि मगच रिमोट हातांत घ्यावा. निम्मे रिमोट येथेंच बरे होतात असा आमचा अनुभव आहे. न झाल्यास, फायर टीव्हीच्या रिमोटवरील घराचें चित्र असलेलें बटण, स्टिकच्या जवळ उभें राहून, दहा सेकंद दाबून धरावें. दहा म्हणजे दहा. मनांत अंक मोजावे. गूगलच्या स्टिकच्या रिमोटवर मागें जाण्याचें बटण व घराचें बटण हीं दोन्ही एकाच वेळीं, दिवा लुकलुकेपर्यंत दाबावीं लागतात. ॲपल टीव्हीच्या अलीकडच्या रिमोटवर मागें जाण्याचें व आवाज वाढविण्याचें बटण एकत्र दाबून धरतात. अमेरिकेंत मुलाकडे सहा महिने राहावयास गेलेल्या आईवडिलांना बहुधा रोकूचा रिमोट हातीं येतो. त्याच्या बोलक्या जातींत ओळखीचें बटण सेलाच्या खणांतच लपविलेलें असतें. उतावळेपणानें सगळींच बटणें आळीपाळीनें दाबीत सुटणें हें मात्र कोणत्याच कंपनीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें नाहीं.

एवढें करूनहि ओळख जुळून पुन्हां पुन्हां तुटत असेल, तर दोष रिमोटचा नसून स्टिकच्या जागेचा किंवा तिच्या जेवणाचा आहे, असा संशय घ्यावा. वायरींचा पसारा नको म्हणून कित्येक घरांत स्टिकला टीव्हीच्याच यूएसबी खांचेंतून वीज दिलेली असते. जुन्या पद्धतीच्या अशा खांचेंतून अर्धा ॲम्पियर मिळतो, आणि स्टिकला तर तिच्याबरोबर आलेल्या ॲडॅप्टरचा एक ॲम्पियर हवा असतो. अर्धपोटीं ठेवलेली स्टिक मधूनच झोपीं जाते आणि दूषण रिमोटला लागतें. तिचा स्वतःचा ॲडॅप्टर भिंतीवरच्या खटक्यांत लावावा. दुसरें असें कीं, ब्लूटूथ आणि आपलें घरगुती वायफाय या दोहोंची वस्ती २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच आळींत आहे, आणि मायक्रोवेव्ह भट्टीहि त्याच आळींत गोंगाट करते. स्टिक टीव्हीच्या पत्र्याशीं चिकटलेली असली आणि राऊटर शेजारींच ठेवलेला असला, तर रिमोटचा क्षीण आवाज तिच्यापर्यंत पोहोंचत नाहीं. बहुतेक स्टिकांच्या डब्यांत वीतभराहून आंखूड अशी एक जोडवायर येते. ती निरुपयोगी समजून खणांत पडलेली असते. तीच लावून स्टिक टीव्हीच्या आडून थोडी बाहेर काढली म्हणजे पुष्कळदां भांडण मिटतें.

बटणाखालच्या रबराविषयीं दोन ओळी पुरेत. रबराच्या पोटाशीं कोळशासारखा काळा ठिपका असतो. तो खालच्या पट्टीस टेंकला म्हणजे बटण लागतें. सरबताचा चिकटपणा किंवा बोटांचें तेल मध्यें आलें कीं तो टेंकत नाहीं. ज्याच्या हाताला सफाई आहे त्यानें रिमोट उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनें तो पुसावा. इतरांनीं उघडूं नये.

समजा, रिमोट खरोखरच गेला, किंवा प्रवासांत हरवला. तरीहि घर अंधारांत बसवावयाचें कारण नाहीं. स्टिक ज्या एचडीएमआय खांचेंत बसते तिच्यांतून चित्र व आवाज जातात, तशा आज्ञाहि जाऊं शकतात. या सोयीला सीईसी म्हणतात. पण प्रत्येक कंपनीनें तिला आपलें लाडकें नांव ठेवलें आहे. सॅमसंगच्या टीव्हींत ती एनीनेट प्लस, एलजीच्या टीव्हींत सिंपलिंक, सोनीच्या टीव्हींत ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगांत ती चालू केली कीं टीव्हीच्या मूळच्या रिमोटवरील बाणांनींच स्टिकची चौकट हलूं लागते. घरांत वर्षानुवर्षें टीव्हीचा रिमोट खणांत पडलेला असतो आणि ही गोष्ट कोणाला माहीत नसते!

दुसरा आधार मोबाईलचा. फायर टीव्ही व गूगल या दोहोंचींहि मोबाईलला रिमोट बनविणारीं ॲप आहेत. मात्र मोबाईल आणि स्टिक एकाच वायफायवर असावीं लागतात, आणि येथेंच एक पेंच पडतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं असें झालें कीं मंडळींनीं इंटरनेट बदललें, नवा राऊटर आला, वायफायचें नांव बदललें, आणि त्याच आठवड्यांत स्टिकचा रिमोट हरवला. स्टिक जुन्या वायफायचा शोध करीत बसलेली. तिला नवें नांव सांगावयाचें तर रिमोट हवा. रिमोटऐवजीं मोबाईल वापरावा तर दोघे एका वायफायवर नाहींत. टीव्ही जुना असल्यानें सीईसीहि नाहीं. घरांतील निवृत्त शिक्षिका असलेल्या मावशींनीं ही कोंडी फोडली, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. त्यांनीं आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू केला आणि त्याला जुन्या वायफायचेंच नांव व जुनाच संकेतशब्द दिला, अक्षरास अक्षर, लहानमोठ्या लिपीसह. स्टिकला वाटलें, आपलें जुनें घर परत आलें. ती लगेच जोडली गेली. मग भाच्याचा मोबाईल त्याच हॉटस्पॉटवर घेऊन त्याचा रिमोट केला, आणि त्यानें स्टिकला नव्या वायफायचा पत्ता दिला. मावशींना जुना संकेतशब्द कसा आठवला? त्यांच्या हिशेबाच्या वहींत तो दुधाच्या खात्याखालीं लिहिलेला होता.

हें सर्व करण्याऐवजीं कंपनीलाच फोन करावा, असें कोणी म्हणेल. अवश्य करावा, पण नंबर कोठून घ्यावयाचा? येथें मात्र आम्ही वाचकांस कळकळीनें थांबविणार आहों. रिमोट अडला म्हणजे माणूस इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ असें लिहून शोधतो आणि वर दिसेल त्या पहिल्या नंबरवर फोन लावतो. हे नंबर पुष्कळदां ठकांनीं पेरलेले असतात. पलीकडचा गृहस्थ अतिशय आदबीनें बोलतो, आजोबांना ‘सर’ म्हणतो, बटण दाबावयास सांगतो, आणि मग म्हणतो कीं उपकरणाची मुदत संपली आहे, ती वाढविण्यास किरकोळ शुल्क पडेल. किंवा मोबाईलवर एक ॲप घ्या, म्हणजे मीच इकडून दुरुस्त करतों. त्या ॲपमधून आजोबांच्या मोबाईलचा पडदा त्याला दिसूं लागतो, आणि बँकेचा आलेला संकेत-अंक तो आजोबांच्या आधीं वाचतो. दुसऱ्याचा पडदा दुरून पाहण्याचीं ॲप मुळांत चांगल्या कामासाठींच निघालीं. परंतु त्यांचा असा दुरुपयोग होतो म्हणून रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्यें अशाच एका ॲपच्या संबंधांत बँकांना सावध केलें होतें. अमेरिकेंत रोकूच्या नांवानें असाच धंदा चालला, तेव्हां त्या कंपनीला जाहीरपणें सांगावें लागलें कीं उपकरण सुरू करून देण्यास आम्ही पैसे घेत नाहीं.

रिमोट व स्टिक यांची ओळख जुळविण्यास पैसा लागत नाहीं. कोणालाहि, कधींहि, एक रुपयादेखील लागत नाहीं. जो मागेल तो ठक, एवढें वडील माणसांनीं ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ झालें. तसेंच पैसे परत मिळविण्यासाठीं यूपीआयचा पिन कधींच द्यावा लागत नाहीं; पिन मागितला कीं पैसे जाणार आहेत, येणार नाहींत. कंपनीचा खरा नंबर खोक्यावर, पुस्तिकेंत अथवा ज्या खात्यांतून वस्तु घेतली त्या खात्यांत मिळतो. आणि एवढ्यावरहि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसूं नये. त्याच घटकेस १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा व बँकेस कळवावें. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं तक्रार पोहोंचली तर ते अडविले जाण्याचा संभव असतो. म्हणून येथें लज्जेपेक्षां घड्याळाकडे पाहावें. आजोबांना रागें भरावयाचें असेलच तर तें फोन झाल्यावर.

लहान मुलें असलेल्या घरीं आणखी एक सावधगिरी हवी. कांहीं छोट्या रिमोटांत पेन्सिल सेलांऐवजीं नाण्यासारखा चपटा सेल असतो. असा लिथियमचा सेल मुलानें गिळला आणि तो अन्ननलिकेंत अडकला, तर दोन तासांच्या आंत तेथें खोल भाजल्यासारखी जखम होऊं शकते. त्या खणाचा स्क्रू नेहमीं घट्ट असावा, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत न बसतां मुलाला तडक इस्पितळांत न्यावें. संपलेले सेल व खरोखर गेलेला रिमोट ओल्या कचऱ्यांत टाकूं नयेत. ई-कचऱ्याच्या व सेलांच्या कचऱ्याच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणें तो गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि मोठ्या शहरांतून तो घेणारीं केंद्रें आहेत.

राहिला आजींचा प्रश्न. त्यावर आम्हांला सुचलेला उपाय अगदीं साधा आहे. रिमोट चालू आहे अशा एखाद्या निवांत दुपारीं नातवानें आजींच्या शेजारीं बसावें, आणि वायर काढून मिनिटभर थांबणें व घराचें बटण दहा अंक मोजेपर्यंत दाबणें, या दोन गोष्टी आजींच्या हातून, स्वतः मध्यें बोट न घालतां, तीन वेळां करवून घ्याव्या. कोणती वायर काढावयाची हें ओळखूं यावें म्हणून तिला तांबडा दोरा बांधावा. मग त्याच दोन गोष्टी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो टीव्हीशेजारीं, चष्मा न लावतां दिसेल अशा उंचीवर चिकटवावा. नवे सेल त्याच कपाटांत, खालच्या खणांत ठेवावे. वायफायचा संकेतशब्द मात्र त्या कागदावर नको. तो हिशेबाच्या वहींत, दुधाच्या खात्याखालीं.